वाढत्या अंगाचा फ्रॉक

माझ्या नवऱ्याने पन्नास वर्षांत एकाही पोराला अंगाबरोबर कपडा शिवलेला नाही, आणि याचा त्यांना अभिमान आहे. नाव हणमंतराव. आमच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण वाचणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून एकदा लिहून टाकते. इथून पुढे 'हे' म्हणजे हेच.

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात आमचं दुकान आहे, न्यू पांडुरंग टेलर्स. माझ्या आजेसासऱ्यांनी उघडलं तेव्हा ते न्यू होतं. पुढे पाटी दोनदा रंगवली, पण न्यू पुसायचं धाडस कुणी केलं नाही. दुकानाच्या मागच्या गल्लीत आमचं घर. आमची माणसं इथे कधी आली हे कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडताना दोन्ही, असं चाललेलं आहे. एकादशीला समाजाच्या विठ्ठलमंदिरात भजन असतं, बाकीचे दिवस शिवणयंत्र.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. बोटभर माया सगळेच शिंपी ठेवतात. हे पोरांच्या कपड्यात वीतभर ठेवतात. वाढतं अंग आहे, आज ढगळ असेना का, पुढे घट्ट झालं तर उसवून सोडता येईल, असं ह्यांचं म्हणणं. मोहल्ल्यातल्या आयांना ते पटतं आणि पोरांना विचारतो कोण? आमचा मंजुनाथ ज्या चड्डीत पहिलीत गेला, त्या चड्डीत तो चौथीत नीट मावला, आणि तोवर ती मागून विरली होती. आमच्या घरातले वाढदिवसांचे जुने फोटो काढून पाहा. प्रत्येक फोटोत एक कपडा उभा आहे आणि त्याच्या वरून एक डोकं बाहेर आलं आहे.

ह्यांची दुसरी ख्याती म्हणजे 'चुकलं' हा शब्द ह्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. दत्तोजीराव म्हणून आमच्या समाजाचे अध्यक्ष आहेत, कापडाचे मोठे व्यापारी. त्यांच्या लग्नाचा कोट ह्यांनी शिवला होता. डावी बाही लांब झाली. दत्तोजीराव तक्रार घेऊन आले तर ह्यांनी त्यांना आरशासमोर उभं केलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि सांगितलं की बाही बरोबर आहे, तुमचा डावा हात आखूड आहे, चालताना खांदा जरा उचलून चाला. ते बिचारे बोहल्यावर खांदा उचलून उभे राहिले. तेव्हा लागलेली सवय अजून सुटलेली नाही. आजही रस्त्याच्या टोकाला खांदा दिसला की दत्तोजीराव येताहेत हे कळतं.

मीही सुटले नाही. मला बघायला आले तेव्हा ह्यांनी माझ्याकडे एकदाच मान वर करून पाहिलं. तेवढ्यात माप घेतलं म्हणे. लग्नाचा ब्लाउज शिवून आमच्याकडे पाठवला, हिरव्या रेशमाचा. त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. लग्नात मी पदर इतका लपेटून बसले की सासरच्या बायका म्हणाल्या, सून फार लाजाळू दिसते. तो त्यांचा शेवटचा गैरसमज. नंतर मी विचारलं तेव्हा हे म्हणाले, भरशील की. मी जन्मभर काडीच राहिले. तो ब्लाउज ट्रंकेत आहे, आणि दर दिवाळीला मी तो ह्यांच्यासमोर धरून दाखवते.

आता अमूल्याकडे येते. ही मंजुनाथची मुलगी, आमची एकुलती एक नात. मंजुनाथ कंप्युटरच्या कंपनीत आहे, सून सुप्रीता शाळेत शिकवते, आणि सगळे एकाच घरात राहतो. गेल्या वर्षी अमूल्या चार वर्षांची झाली तेव्हा ह्यांनी तिला डाळिंबी रंगाचा फ्रॉक शिवला. सुंदर होता. झालर, अस्तर, पाठीला बो. फक्त तो अंगात घातल्यावर अमूल्या सापडेना. बाह्यांतून हात बाहेर येईनात म्हणून सुरी धरता येईना, आणि मेणबत्ती फुंकायला पुढे झाली तर घेरावर पाय पडून हनुवटीसकट केकमध्ये गेली. सगळे हसले. ती रडली नाही. क्रीम पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "अज्जा, हा फ्रॉक कुणाचा आहे?"

तिने खरंच विचारलं होतं, टोमणा मारायचं तिचं वय नव्हतं. टोमणा असता तर ह्यांना चालला असता, माझ्याबरोबर इतकी वर्षं काढली आहेत. सुप्रीताने तिला आत नेलं आणि मांजरीचं चित्र असलेला विकतचा फ्रॉक घालून बाहेर आणलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी तो डाळिंबी फ्रॉक स्वतः धुतला, इस्त्री केली, आणि दुकानाच्या काचेआड जी लहान पुतळी उभी असते तिला घालून ठेवला. गिऱ्हाइकं विचारायची. हे सांगायचे, विकायचा नाही. मीसुद्धा त्यावर एक टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजा.

यंदा युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. अमूल्या ह्यांच्या ताटासमोर येऊन उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर.

"अज्जा, या वर्षी माझा फ्रॉक शिव. माझा. पुढच्या वर्षीच्या अमूल्याचा बेडा, नको."

मंजुनाथ फिस्सकन हसला. सुप्रीता चांगली मुलगी आहे, पण खरं बोलायची तिला खोड आहे. ती ह्यांना मामा म्हणते. म्हणाली की मामा शिवतीलच, तरी मी एक तयार फ्रॉक आणून बाजूला ठेवते. ह्यांचा हात ताटातच थांबला. मग हे उठले, हात धुतला आणि विठ्ठलाच्या तसबिरीसमोर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की या घरात यंदा तयार फ्रॉक येणार नाही. अमूल्याचा फ्रॉक अंगाबरोबर बसेल. नाही बसला तर यापुढे तिचे कपडे खुशाल दुकानातून आणा, मी तिच्यासाठी पुन्हा कात्री धरणार नाही.

देवासमोर बोललेला माणूस मागे फिरत नाही, निदान हे तरी फिरत नाहीत. मला त्या क्षणी भीती वाटली. हा माणूस विडी ओढत नाही, पत्ते खेळत नाही, देवळात भजनाला गेला तर झोपतो. नातीचा फ्रॉक शिवणं काढून घेतलं तर ह्यांनी वर्षभर वाट कशाची बघायची?

अमूल्याची शाळा सुटली आणि ती सुट्टीला हुणसूरला, आजोळी निघाली. जायच्या आदल्या दिवशी ह्यांनी तिला पाटावर उभं करून टेपने माप घेतलं. तिला गुदगुल्या होत, ती वाकडी होई, हे पुन्हा सुरू करत. छाती, कंबर, मुंढा, उंची. राजवाड्यातल्या गिऱ्हाइकाचंही इतकं माप घेतलं नसतं.

मग कापड बेतायचा दिवस आला. आंब्याच्या रंगाचं रेशमी कापड, अमूल्यानेच निवडलेलं. ह्यांनी खडूने रेघ मारायला घेतली आणि रेघ आपोआप बाहेर जायला लागली. पुसली, पुन्हा मारली, पुन्हा बाहेर. पन्नास वर्षांची सवय हातात बसलेली, हात ऐकेनात. शेवटी मला हाक मारली.

"अंबू, इथं उभी राहा. हात बाहेर जायला लागला की धर."

मी कोपर धरून उभी राहिले. लग्नात हात धरला होता, त्यानंतर इतका वेळ धरल्याचं मला तरी आठवत नाही. हे कात्री चालवत होते आणि चेहरा असा की जणू कापड नव्हे, कुणाच्या तरी वाटणीचं शेत कापताहेत. शिवणीपुरती सुतळीएवढी माया तेवढी राहिली. उरलेल्या तुकड्यांत मोह नको म्हणून ह्यांनी लगेच अमूल्याच्या बाहुलीला तसाच फ्रॉक शिवला आणि अमूल्याच्या केसांना दोन बो केले. चिंधीसुद्धा उरली नाही.

फ्रॉक वाढदिवसाच्या कितीतरी आधी तयार झाला. शिंप्याच्या घरात असं कधी होत नाही. हुक मी लावले, हातशिलाई मी केली. मी एकदाच म्हटलं, हुणसूरला जाऊन अंगाला लावून बघू. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवाच्या मूर्तीला ट्रायल द्यायला सांगितली. टेपने घेतलेलं माप आहे, म्हणाले, आता शंका कसली? आणि दत्तोजीराव दुकानावरून गेले तेव्हा त्यांना आत बोलावून, घेर उलटा करून, आतून-बाहेरून फ्रॉक दाखवला. बघा, म्हणे, अंगाबरोबर. दत्तोजीराव डावा खांदा उचलून बराच वेळ बघत राहिले आणि वाढदिवसाला नक्की येतो म्हणाले.

तिकडे हुणसूरला सुप्रीताची आई, वेदवतीबाई. घरच्या गाई, घरचं तूप आणि पाहुण्याला खायला घालायचं म्हणजे पुण्य अशी समजूत. सुट्टीभर आम्ही अमूल्याला फोनवर बघत होतो. फोनमध्ये फक्त तोंड दिसायचं आणि तोंडात काहीतरी असायचंच. हुणसूरची अज्जी मला नाचणीच्या मुद्देच्या गोळ्यावर तूप घालते, अमूल्या सांगायची, होळिगेवर, म्हणजे पुरणपोळीवर तूप घालते, तुपावर पण तूप घालते. आम्ही कौतुकाने ऐकायचो. ज्यांनी पन्नास वर्षं पोरं वाढतात म्हणून अख्ख्या मोहल्ल्याला ढगळ कपडे घातले, त्यांना आपलीही नात वाढेल हे सुचलं नाही. फ्रॉकवर रोज फडकं मारायचं तेवढं सुचत होतं.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी वेदवतीबाई अमूल्याला घेऊन हुणसूरच्या बसने आल्या. दार मी उघडलं. आधी तुपाची बरणी आत आली, मग होळिगेचा डबा, मग वेदवतीबाई आणि त्यांच्या मागून अमूल्या. माझी अमूल्या गेली तेव्हा शेवग्याची शेंग होती. आलेली मुलगी गोड होती, गालाला खळी नवीन पडली होती, आणि दारातून आत येताना जिन्यावरून फणस उतरवावा तशी हळूहळू दिसत गेली.

"बघा, कशी सुधारलीय," वेदवतीबाई म्हणाल्या.

आमच्याकडे पोराला जाड झालं असं तोंडाने म्हणत नाहीत, दृष्ट लागते. सुधारली म्हणतात, नाहीतर अंग धरलं म्हणतात. सुप्रीता म्हणाली, हो, सुधारली. मंजुनाथ म्हणाला, अंग धरलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खुर्चीतून अर्धे उठले होते आणि तसेच थांबले होते. नजर अमूल्याच्या मुंढ्यावरून छातीवर, छातीवरून कमरेवर. टेपची गरजच नव्हती. मग अमूल्या धावत येऊन मांडीवर चढली तेव्हा हे खाली बसले आणि बसतानाच त्यांचं तोंड उतरलं.

नंतर हे माझ्यामागून स्वयंपाकघरात आले. किती, मी विचारलं. ह्यांनी बोटं पसरून वीत दाखवली. आत माया किती आहे हे मला विचारायची गरज नव्हती, कोपर मीच धरलं होतं. हे एक घोट पाणी प्याले आणि म्हणाले की केक कापून झाल्यावर घालू या फ्रॉक. मी म्हटलं, केक खाऊन झाल्यावर तर तो मुळीच चढणार नाही.

संध्याकाळ झाली. अमूल्याला आंघोळ घातली, परकर घातला, केसांना ते दोन आंबा रंगाचे बो बांधले. तिने बाहुलीला आधीच फ्रॉक घातला होता आणि तो बाहुलीला अगदी अंगाबरोबर बसला होता. माझा, माझा, म्हणत ती हात वर करून उभी राहिली. सुप्रीताने फ्रॉक वरून सोडला. डोकं गेलं. हात कोपरापर्यंत गेले. मग सुप्रीताने खाली ओढलं, मंजुनाथने मागून ओढलं, आणि मागे पाठीवर हुक एका काठावर आणि त्याची कडी दुसऱ्या काठावर, मधे अमूल्याची पाठ. मंजुनाथने तिला श्वास आत घ्यायला सांगितलं. तिने घेतला, गाल फुगले, पाठ तेवढीच. सुप्रीताने पिना काढल्या, पण पीन लावायला दोन काठ जवळ तर यायला हवेत. वेदवतीबाईंनी विचारलं, कापड धुतलं होतं का, आटलं असेल. कापडाला पाणी माहीत नव्हतं.

एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडकरूंची भव्या, नऊ वर्षांची, दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागे दत्तोजीराव होते, हातात भेटीचं खोकं. आत एवढी मोठी माणसं जो शब्द टाळण्यासाठी घाम गाळत होती, तो भव्याने खोलीच्या मधोमध ठेवला.

"अमूल्या जाड झालीय, म्हणून बसत नाही."

अमूल्याने एकदा भव्याकडे पाहिलं, मग खाली स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. दोन्ही हात फ्रॉकमध्ये अडकून वर राहिले होते, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. खालचा ओठ पुढे आला.

"अज्जा, मी जाड झाले?"

मी ह्यांच्याकडे पाहत होते. ह्यांच्या तोंडात उत्तर तयार होतं, मला माहीत होतं. पन्नास वर्षं तेच उत्तर दिलेलं आहे. कपडा बरोबर आहे, अंग चुकलं. दत्तोजीरावांचा हात आखूड, माझा बांधा भरायचा राहिलेला, मोहल्ल्यातल्या कुणाची मान वाकडी, कुणाचा पाय लांब. आणि या एका वेळी तर ते अगदी खरं होतं. माप टेपने घेतलेलं, कात्री रेघेवरून चाललेली, वाढली ती मुलगी. हे पुढे झाले आणि गुडघ्यावर बसले. गुडघे वाजले.

"नाही गं मगू, माझ्या बाळा. माझं माप चुकलं."

मी रडणारी बाई नाही. पण मला तिथेच रडू आलं आणि मी देवघराकडे तोंड फिरवलं. मंजुनाथ बापाकडे बघतच राहिला; त्याच्या चड्ड्यांच्या सगळ्या वर्षांत त्याने हे ऐकलं नव्हतं. दारातून दत्तोजीराव दोन पावलं आत आले.

"काय म्हणालात, हणमंतराव?"

"माप चुकलं," हे म्हणाले. "माझंच."

मग ह्यांनी अमूल्याचे हात एकेक करून सोडवले आणि फ्रॉक वरून काढला, शिवण न ताणता, इतक्या हळू की तिला हसू आलं. अज्जाचं चुकलं, ती म्हणाली. हो, हे म्हणाले, अज्जाचं चुकलं. डोळे पुसून झाल्यावर तिला पुढचा प्रश्न सुचला, की मग मी काय घालू. ती परकरात उभी होती, बाहेर माणसं जमायला लागली होती, आणि यंदा घरात तयार फ्रॉक आलेला नव्हता. मंजुनाथने स्कूटरची किल्ली उचलली. कोपऱ्यावरच्या दुकानातून आत्ता आणतो, म्हणाला. ह्यांनी मान हलवली. हरकत नाही असं म्हणाले, आणि घडी घातलेला आंबा रंगाचा फ्रॉक हातात घेऊन बाजूला झाले. देवासमोर बोललेलं होतं. आता पुढच्या वर्षीपासून ह्यांनी फक्त गिऱ्हाइकांचे कपडे शिवायचे.

तेव्हा मला पुतळी आठवली.

मी मंजुनाथला थांब म्हटलं, दुकानाची किल्ली घेतली आणि वेदवतीबाईंना माझ्याबरोबर यायला सांगितलं. शटर उघडून पुतळीच्या अंगावरचा डाळिंबी फ्रॉक काढायला गेले तर पुतळीचा हात निघेना. गंजलेला खिळा. दोघींनी ओढून पाहिलं, वेदवतीबाईंच्या अंगात तुपाची ताकद, तरी निघेना. शेवटी मी खांदे धरले, त्यांनी पाय धरले, आणि आम्ही पुतळीला आडवी उचलून गल्लीतून निघालो. कोपऱ्यावर फूलवाली बसते. तिने घाबरून विचारलं की अय्यो, मगूला काय झालं. वेदवतीबाई न थांबता म्हणाल्या, "काही नाही, वाढदिवस आहे."

घरी मंजुनाथने पकडीने खिळा उपटला. सुप्रीताने फ्रॉक झटकला आणि अमूल्याच्या डोक्यावरून सोडला. डोकं गेलं, हात बाहेर आले, मनगटापर्यंत, जिथे यायचे तिथेच. हुक लागला. घेर घोट्याच्या वर, पायात येणार नाही असा. अमूल्याने एकदा गिरकी घेतली आणि घेर तिच्याबरोबर फिरला. मग आरशासमोर जाऊन तिने मागून-पुढून पाहिलं, ह्यांच्यासारखंच, आणि म्हणाली, "अज्जा, हा माझा आहे."

हे तिच्याभोवती गुडघ्यांवर फिरत होते. खांद्याला बोट लावून पाहिलं, मुंढ्यात बोट घालून पाहिलं, कुठे काही करायला सापडेना. आपला कपडा धड असताना पोराच्या अंगाबरोबर बसलेला ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला आणि काय करावं ते कळेना. शेवटी घेर उलटा करून आतली दुमड चाचपली. वर माझ्याकडे बघून सांगितलं, अजून चार बोटं माया आहे. त्यांना किती बरं वाटलं ते मला दिसलं, आणि मलाही तेवढंच बरं वाटलं. ह्यांनीच शिवलेला फ्रॉक अंगाबरोबर बसला होता, देवासमोरचा शब्द राहिला. सुप्रीताने स्कूटरची किल्ली नवऱ्याच्या हातातून घेऊन खुंटीला अडकवली आणि ह्यांना म्हणाली, "मामा, पुढच्या वर्षी पण तुम्हीच. सुम्ने, आपला उगाच थोडा मोठाच शिवा."

मी औक्षण केलं. केक कापला, कुणी त्यात पडलं नाही. त्यानंतर मात्र अमूल्याने जो उद्योग सुरू केला तो कुणाला आवरता येईना. एकेका पाहुण्यासमोर जाऊन ती आनंदाने सांगू लागली की माझ्या अज्जाचं माप चुकलं, म्हणून हा पुतळीचा फ्रॉक घातला. मराठी पाहुण्यांना मराठीत सांगितलं, कन्नड पाहुण्यांना कन्नडमध्ये. ज्या माणसाने पन्नास वर्षं एक शब्द जपून ठेवला होता, तो शब्द त्या संध्याकाळी होळिगेबरोबर पानापानावर वाढला गेला. हे दाराजवळ उभे होते आणि कुणी वळून पाहिलं की मान डोलावत होते, हो, चुकलं.

दत्तोजीरावांनी होळिगे संपवली, हात पुसले आणि ह्यांच्याजवळ गेले. त्यांनी खूप वर्षं वाट पाहिली होती आणि आता तवा गरम होता. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं की मग, हणमंतराव, आता तेवढं कोटाचंही. ह्यांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, मागून पाहिलं, पुढून पाहिलं.

"कोट बरोबर होता," हे म्हणाले.

दत्तोजीराव खांदा उचलून घरी गेले. पण जाताना खूष होते. एकदा तरी 'चुकलं' ऐकायला मिळालं, असं वेदवतीबाईंना सांगून गेले.

पाहुणे पांगले, अमूल्या डाळिंबी फ्रॉकमध्येच सोफ्यावर आडवी झाली, तो काढू देईना. सुप्रीता आणि मंजुनाथ भांडी आवरत होते. हे तेवढ्यात कोपऱ्यातल्या यंत्राशी बसून आंबा रंगाच्या फ्रॉकची घडी पुन्हा पुन्हा घालत होते. मी विचारलं तर म्हणाले, जपून ठेवतो, कुणाला सांगता येतं, हिच्या पाठीवर अजून कुणी येईल. येणारं पोर मुलगी असेल आणि काडी असेल हे ह्यांनी धरूनच ठेवलं होतं.

मला वाटलं, आज नाही तर कधीच नाही. मी आत गेले, ट्रंक उघडली आणि हिरवा रेशमी ब्लाउज आणून ह्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, आज सगळ्या गावासमोर म्हणालात. नातीसाठी म्हणालात, खरं नसताना म्हणालात. आता हे एक खरं असलेलं म्हणा, घरात कुणी ऐकत नाही.

ह्यांनी ब्लाउज उचलला. शिवण पाहिली, आतली माया पाहिली, काठाचं रेशीम अंगठ्याने चोळून पाहिलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, बघायला आले होते तेव्हासारखं. फक्त या वेळी पुरतं पाहिलं, घाई न करता.

"हा बरोबर आहे," हे म्हणाले. "तूच अजून भरायची आहेस."

मी स्वयंपाकघरात गेले. डब्यात एक होळिगे उरली होती. ती ताटलीत घेतली, वेदवतीबाईंची बरणी उघडली आणि वर तूप वाढून घेतलं. मग त्या तुपावर आणखी तूप.